दरीपलीकडून वाजवायचं पत्र

कायाबाशी, वरची वाडी
६ जून १९८६

नुर्तेन,

आधी तुझ्या दोन्ही डोळ्यांवर मुका, मग बातमी. बातमी चांगली नाही, पण बाबा जिवंत आहेत. तेवढं वाच आणि मग खाली बसून पुढचं वाच.

वीस दिवसांपूर्वी सकाळी ते गोठ्यातून वर आले, चहाचा पेला उचलला आणि तो हातातून निसटला. तोंड जरा वाकडं झालं होतं. गिरेसुनच्या इस्पितळात दहा दिवस ठेवलं. तोंड सरळ झालं. हातपाय धड आहेत, जिना चढतात, काठीसुद्धा लागत नाही. तिथले डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्ताची गाठ अडकली होती, थोडक्यात निभावलं. थोडक्यात कसलं डोंबल! बाबांना वेड लागलंय.

बोलतात, पूर्वीपेक्षा जास्तच बोलतात, पण त्याला ना शेंडा ना बुडखा. काल तुझ्या वहिनीला, हव्वाला म्हणाले, "त्या शिडीला मीठ पाजून आण, परवा तिचं लग्न वाळलंय." हव्वा आधी हसली, मग चुलीकडे तोंड करून रडली. आपण काही विचारलं तर तोंडाकडे टकमक बघतात आणि पुन्हा भलतंच सुरू. पण गंमत बघ, नमाज पढताना एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही. गाईला शिव्या घालतात त्याही अगदी चोख, जुन्याच, क्रमवार. असलं कसलं वेड?

हे पत्र त्यांच्या चोरून लिहितोय. नऊ वर्षांपूर्वी तू ठरलेलं लग्न मोडून टायपिंग शिकायला निघून गेलीस तेव्हा ते म्हणाले होते, या घरात तिचं नाव निघायचं नाही. मी ते आजवर पाळलं. पण तू अंकाऱ्यात मेंदूच्या वॉर्डात कामाला आहेस. वेडावर काही औषध असेल तर पाठव.

आणखी एक कटकट आहे. झऱ्याचा खटला सप्टेंबरात उभा राहतोय. पलीकडच्या वाडीने पाणी स्वतःच्या अंगाला वळवून घेतलं हे तुला माहीत आहेच. जुना पाट नक्की कुठून जायचा हे डोळ्यांनी पाहिलेलं आपल्या बाजूचं माणूस एकच उरलंय. सगळी वाडी बाबांच्या तोंडाकडे बघतेय आणि ते तोंड शिडीचं लग्न लावतंय.

तुझा भाऊ
याकूप


अंकारा
१५ जून

दादा,

तुझा हात कपाळाला लावते. पत्र दोनदा वाचलं. मग जिन्यात जाऊन रडून आले आणि आता लिहितेय.

बाबांना वेड लागलेलं नाही. हे वाक्य कागदावर मोठं लिहून चुलीवर लाव. मी डॉक्टर नाही, मी रोग्यांचे अहवाल टाइप करते. पण सहा वर्षं हेच टाइप करून करून बोटांनासुद्धा पाठ झालंय. तुझं पत्र मी आमच्या डॉक्टर बेहिजेबाईंना वाचून दाखवलं. शिडीच्या लग्नापाशी त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाल्या, "डावा कान, त्याच्या वर आणि जरा मागे. तिथे गाठ अडकली असणार."

तुला समजेल असं सांगते. डोकं म्हणजे आपल्यासारख्या दोन वाड्या आहेत, मध्ये दरी, दरीवर पूल. आपल्यासारख्याच, फक्त एकमेकींवर खटले घालत नाहीत. शब्दांचं बरंचसं काम डाव्या वाडीत चालतं. तिथे पुढच्या अंगाला एक घर आहे, ते बोलणं जुळवून तोंडापर्यंत पोचवतं. ते घर ज्यांचं पडतं त्यांना सगळं कळतं, पण तोंडातून एकेक शब्द ओढून काढावा लागतो. असे रोगी आमच्याकडे खूप आहेत, फार चिडतात बिचारे. मागच्या अंगाला कानापाशी दुसरं घर आहे. कानावर पडलेल्या आवाजातून तिथे अर्थ निघतो. बाबांचं ते घर पडलंय. पुढचं घर शाबूत आहे, म्हणून बोलणं धो धो वाहतं. पण स्वतः काय बोललो हेही त्यांना नीट ऐकू येत नाही, मग चूक दुरुस्त कशी करणार? तू बोलतोस ते त्यांना परक्या मुलखातल्या भाषेसारखं वाटत असणार. नमाज आणि शिव्या या पाठ झालेल्या गोष्टी आहेत. त्या दरवेळी नव्याने जुळवाव्या लागत नाहीत, म्हणून त्या वाचल्या.

औषधाची गोळी नाही. पण पहिल्या वर्षात पुष्कळ परत येतं, माणसांनी बोलत राहिलं तर. त्यांच्याशी हळू बोला, एका वेळी एकच गोष्ट. त्यांच्यावर हसू नका आणि त्यांना एकटं टाकू नका.

माझं नाव काढू नकोसच. मी पाठवलेले मोजे बाजारात घेतले म्हणून सांग.

नुर्तेन


कायाबाशी
२९ जून

नुर्तेन,

तुझ्या डॉक्टरणीला माझा सलाम सांग आणि सांग की तिची दोन घरं आणि पूल तिच्यापाशीच ठेव. बाबांना सगळं कळतं. ते नाटक करताहेत.

मी हे रागाने लिहीत नाही, पाहिलेलं लिहितो. मंगळवारी मी त्यांना चार वेळा ओरडून सांगितलं, "बाबा, वासरू सुटलंय." ते माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "हो, मशिदीला बटणं लाव." तेवढ्यात दरीपलीकडून मुहर्रेमने शिट्टी मारली. आपल्या त्या शिट्टीतच, जशी सगळं खोरं बोलतं तशी: "इद्रिस, तुझं वासरू माझ्या मक्यात शिरलंय." बाबा ताडकन उठले, कोपऱ्यातली काठी घेतली, खाली उतरले आणि वासरू हाकत घेऊन आले. वर त्याला दोन बोटं तोंडात घालून उत्तर दिलं: "आलो."

तूच सांग आता. पोटच्या पोराने कानाशी येऊन सांगितलेलं कळत नाही आणि अर्ध्या कोसावरून शत्रूने वाजवलेलं कळतं? तो मुहर्रेम लहानपणीचा दोस्त असला तरी पलीकडच्या वाडीचा आहे, आणि खटल्याच्या कागदावर त्यांच्या बाजूचा पहिला अंगठा त्याचाच आहे. हे एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण चार दिवसांत तीन वेळा झालं, आणि सगळ्या वाडीने पाहिलं. चहाच्या दुकानात सगळे गप्प होतात मी गेलो की. मुख्तार, गावचा कारभारी माणूस, माझ्या तोंडावर म्हणाला, "इद्रिस फितला. साक्ष द्यायला नको म्हणून येड्याचं सोंग घेतलंय. त्याला फक्त पलीकडच्यांचं ऐकू येतं."

मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. शिवाय जेवायला बसा म्हटलं की बरोबर बसतात. ते कसं कळतं?

याकूप


अंकारा
८ जुलै

दादा,

तू या वेळी माझ्या डोळ्यांना विसरलास, म्हणजे खरंच रागावला आहेस. तरी ऐक.

जेवायला बसा म्हणताना तू उजव्या हाताने ताटाकडे दाखवतोस. आजोबाही तसंच करायचे. बाबा तुझा हात वाचतात. पुढच्या वेळी दोन्ही हात खिशात घाल आणि मग सांग.

आता शिट्टीचं. मी तुझं पत्र बेहिजेबाईंना वाचून दाखवलं तेव्हा त्या खुर्चीतून उठल्या. त्यांना आपल्या खोऱ्याची शिट्टी माहीतच नव्हती. मी सांगितलं की ती खुणेची शिट्टी नाही, जे तोंडाने बोलतो तेच सगळं, वाक्यच्या वाक्य, शिट्टीत जातं, कारण दरीपलीकडे आवाज पोचत नाही. त्या म्हणाल्या, "सूर आणि चढउतार यांचं बरंच काम उजव्या बाजूला चालतं. तुमची शिट्टी म्हणजे शब्दही आणि सूरही. मग ती कदाचित दोन्ही वाड्यांत ऐकली जात असेल. डावीकडचं घर पडलं तरी उजवीकडे कोणीतरी ऐकत असेल." मी विचारलं, खात्रीने? तर म्हणाल्या, "मुळीच नाही. मी अनुमान बांधतेय. करून पाहा."

आलं ना लक्षात? आपल्या वाडीचे सगळे जवळून बोलतात, म्हणून तोंडाने बोलतात. शिट्टी मारतात ते फक्त दरीपलीकडचे, कारण घरामागे कडा आणि समोर दरी. बाबांना शत्रूचं कळतं असं नाही. त्यांना शिट्टीचं कळतं, आणि शिट्टी शत्रूकडून येते, एवढंच.

सोबत दहा वाक्यं पाठवतेय. टोपी काढा, बादली उलटी करा, भिंतीवर बसा, अशी साधीच आहेत. आधी अंगणात उभं राहून, हात खिशात घालून, तोंडाने सांग. मग दुसऱ्या दिवशी पलीकडे मुहर्रेमकाकाच्या अंगणात जा आणि तीच दहा शिट्टीने सांग; जवळून वाजवलं तर कान बधिर होतात आणि तुझा चेहराही दिसतो. हव्वावहिनीला घरी ठेव, ती काय घडतं ते लिहील. दहावं वाक्य प्रश्न आहे. तोही विचार, गाळू नकोस.

नुर्तेन


कायाबाशी
२० जुलै

नुर्तेन,

हात खिशात घालून केलं. खरं सांगतो, ते खिशात ठेवणं हेच सगळ्यात अवघड गेलं. नऊ वाक्यं विचारली, त्यांतली दोन बरोबर आली. जेवायला बसा म्हटल्यावर बाबा उभेच राहिले आणि माझ्या खिशांकडे बघत बसले. एवढं मी मान्य करतो.

पलीकडे मात्र मी जाणार नाही. त्यांच्या अंगणात पाय ठेवला तर मीही फितलो म्हणतील. फिंदिकाच्या फळांची तोडणी तोंडावर आली आहे, आणि तोडणीला हात वाडीचेच लागतात. माझी एकट्याची बाग कोण उतरवून देणार?

याकूप

नुर्तेनताई, मी हव्वा. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून खाली दोन ओळी घालते. तुमचे दादा सगळं लिहीत नाहीत. वाडीने ठरवलंय की मामंजी साक्ष द्यायला कबूल होईपर्यंत त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही. वाळीतच टाकलंय म्हणा ना. आणि मुहर्रेमकाका पलीकडून शिट्टी मारायला लागले की आमच्याकडून तेलाचा रिकामा डबा बडवतात, म्हणजे मामंजींना ऐकू जाऊ नये. तो डबा आमच्याच अंगणात आहे. बडवतात तुमचे दादाच. मामंजी आधी शिट्टी आली की उठायचे, आता डब्याकडे बघतात आणि बसून राहतात. गाईलाही शिव्या देत नाहीत.


अंकारा
२९ जुलै

याकूप,

आज तुला दादा म्हणवत नाही.

मी कधी तुला उलटून बोलले नाही. घर सोडतानासुद्धा नाही. पण आज बोलते. माणसाच्या कानाचे सगळे दरवाजे बंद झाले, एक खिडकी उरली, आणि तू त्या खिडकीपाशी बसून डबा बडवतोस! ते कोणाशी बोलतील? त्यांनी काय करायचं, गोठ्यात जाऊन मरेपर्यंत नमाजच पढायचा? आमच्या वॉर्डात असे म्हातारे मी पाहिलेत. कोणी बोलेनासं झालं की परत येणारे शब्दही परतीच्या वाटेवरून मागे फिरतात. हे डॉक्टरांनी मला टाइप करायला सांगितलेलं नाही, मी पाहिलंय.

मला वाजवता आलं असतं तर मीच आले असते आणि मुहर्रेमकाकाच्या अंगणात उभी राहिले असते. पण मी येऊन काय वाजवू? इथे आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात बाजारात मैत्रिणीला शिट्टीने हाक मारली, तर घरमालकिणीने सामान बाहेर काढायची धमकी दिली, म्हणाली, इथे चांगल्या घरच्या मुली असलं करत नाहीत. मग सोडूनच दिलं. परवा इस्पितळाच्या गच्चीवर करून पाहिलं. नुसता वारा आला तोंडातून. मग जोर लावला तर खालचा पहारेकरी धावत वर आला, म्हणाला, कोण पडलं?

लहानपणी वरच्या कुरणातून बाबांची शिट्टी आली की मी दोर खांद्यावर टाकून पळत सुटायचे. गवताचे भारे बांधून व्हायचे, दोर मात्र नेमका घरी राहिलेला. रोजचं होतं ते. आता ती शिट्टी मलाच वाजवता येत नाही. तुला येते. तुझ्याएवढी स्वच्छ कोणालाच येत नाही, आणि तू डबा वाजवतोस.

आणि तू नऊच वाक्यं विचारलीस. दहावं का गाळलंस ते मला ठाऊक आहे.

नुर्तेन


कायाबाशी
२७ ऑगस्ट

नुर्तेन,

तुझ्या डोळ्यांवर मुका. उत्तराला महिना लागला, तोडणी होती. यंदा बागेत आम्ही दोघंच होतो, मी आणि हव्वा. निम्मी फिंदिकं पावसाने खाली पडली. पडू देत.

तुझं पत्र मी तीन आठवडे खिशात वागवलं. मग गेल्या गुरुवारी डबा उचलला, दरीत फेकला आणि पुलावरून पलीकडे गेलो. त्या पुलावर मी चार वर्षांत पाय ठेवला नव्हता. मुहर्रेमकाका दारात मका सोलत बसला होता. म्हणाला, "काय रे डबेवाल्या, बेसूर झाला का तुझा डबा?" मी मान खाली घातली. त्याने मला बसवलं, काळ्या कोबीचं सार आणि मक्याची भाकरी समोर ठेवली आणि म्हणाला, "आधी खा. भुकेल्या पोटी शिट्टी फुटते."

मग मी अंगणाच्या टोकाला उभा राहिलो. समोर आपलं घर. बाबा भिंतीपाशी खाली मान घालून बसलेले. मी बोटं तोंडात घातली आणि वाजवलं: "बाबा, टोपी काढा." पहिली शिट्टी फुटलीच. दुसऱ्यांदा वाजवली. त्यांनी मान वर केली. टोपी काढली, नुर्तेन. काढून हातात धरली आणि सगळं खोरं शोधत राहिले, कोण बोलतंय म्हणून. माझी शिट्टी पलीकडून ऐकायची त्यांना कधी सवयच नाही ना.

बादली उलटी केली. भिंतीवर बसले. हव्वाचा कागद सोबत जोडलाय, तुझ्या डॉक्टरणीला दे. दहातली आठ बरोबर आली. तोंडाने सांगितलेली दोन, आणि शिट्टीने आठ. माझे हात पलीकडून दिसत नाहीत, म्हणजे खिशाचाही प्रश्न नाही.

म्हणजे त्यांनी नाटक केलं नव्हतं. नाटक आमचं चाललं होतं, आणि डबा मी वाजवत होतो. वाडीने सांगितलं म्हणून नव्हे. डब्याची कल्पना माझीच होती. हे हव्वालाही माहीत नाही.

दहावा प्रश्नही विचारला. त्याचं उत्तर पत्रात लिहिण्यासारखं नाही. कधी भेटलो तर सांगेन.

याकूप


अंकारा
५ सप्टेंबर

दादा,

तुझा हात कपाळाला लावते. बेहिजेबाईंनी कागद पाहून टेबलावर थाप मारली. पण एका माणसाच्या एका दुपारवरून काही सिद्ध होत नाही, असंही म्हणाल्या. त्या बाबांना तपासायला बोलावताहेत, पण घाई नाही. न्यायालयासाठी दाखला सोबत आहे, शिक्क्यासह. त्यात लिहिलंय की कळवलेल्या लक्षणांवरून रोग्याची बुद्धी आणि स्मरण शाबूत आहे, बोललेलं समजण्याची जागा दुखावली आहे, आणि हे सोंग नव्हे. तू तो दुकानात सगळ्यांसमोर वाच. तुझा आवाज मोठा आहे, उपयोगी पडू दे.

रोज एक तास पलीकडून त्यांच्याशी बोला. शिट्टीने सांगितलेलंच लगेच जवळून तोंडानेही सांगा. दोन्ही एका पाठोपाठ कानावर पडलं तर तोंडाचंही हळूहळू परत येईल, असं बाई म्हणतात.

दहाव्या प्रश्नाचं समजलं. लिहिलं नाहीस हे बरंच केलंस. विचारायला नको होता, हट्ट माझा होता. पानझडीत येईन असं मनात होतं, ते रहित केलंय. त्यांना आता त्रास नको.

नुर्तेन


कायाबाशी
२३ सप्टेंबर

अगं वेडे,

तुझ्या डोळ्यांवर मुका, आणि डोक्यात एक टप्पल.

आधी गावचं सांगून टाकतो. दाखला दुकानात वाचला. मग मी सांगितलं की डब्याची कल्पना माझी होती, आणि ज्याला अजून सोंग वाटतं त्याने उद्या पुलावरून पलीकडे जावं आणि स्वतः इद्रिसला काय हवं ते शिट्टीने विचारावं. दुसऱ्या दिवशी मुख्तारच गेला. त्याने वाजवलं, "इद्रिस, मला ओळखलंस का?" बाबांनी उलट वाजवलं, "घोगरा." मुख्तारची शिट्टी लहानपणापासून घोगरीच आहे. तो हसला आणि तिथेच रुमाल डोळ्यांना लावला. न्यायाधीशांनी बाबांचं नाव साक्षीदारांतून काढलं. शिट्टीची साक्ष घेता येत नाही म्हणाले, कारण कारकुनाला लिहून घेता येईना. खटला वसंतापर्यंत पुढे गेला. आता वाडीतली निम्मी माणसं रोज पलीकडच्या अंगणांत उभी असतात बाबांशी गप्पा मारायला, आणि पलीकडच्या बायका त्यांना चहा देऊन देऊन कंटाळल्यात. परवा बाबा मला तोंडाने "वासरू" म्हणाले. वासराकडे बघून.

आता दहावा प्रश्न. मी लिहिलं नाही ते तुला वाटलं त्यासाठी नव्हे. मला लिहवेना म्हणून लिहिलं नाही. दोनदा बसलो होतो.

मी वाजवलं: "नुर्तेन कुठे आहे?" नऊ वर्षांत ते नाव मी तोंडातून काढलं नव्हतं, आणि काढलं ते सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल असं. बाबा भिंतीवरून उठले. मला वाटलं, आत निघून जातील. ते घराला वळसा घालून खाली गेले, जिथून बसचं वळण दिसतं तिथे. रस्त्याकडे तोंड करून त्यांनी बोटं तोंडात घातली आणि वाजवलं, तसं त्यांनी आजारपणात एकदाही वाजवलं नव्हतं, एक स्वर न चुकता:

"नुर्तेन, दोर घेऊन ये."

मुहर्रेमकाकाच्या हातातलं कणीस खाली पडलं. बाबा दिवस मावळेपर्यंत वळणाकडे बघत उभे होते. हव्वा जेवायला बोलवायला गेली तर तिला म्हणाले, "गवत टोपली, टोपली येईल." आणि तेव्हापासून रोज दुपारी बसच्या वेळेला तिथे जातात आणि तेवढंच वाजवतात. आता सगळ्या खोऱ्याला पाठ झालंय. बसचा ड्रायव्हर परवा विचारत होता, कोण ही नुर्तेन, अजून दोर मिळाला नाही का तिला?

याकूप


अंकारा
१ ऑक्टोबर

दादा,

तुझा हात कपाळाला लावते. टप्पल पोचली.

रजा मिळाली, पुढच्या शुक्रवारपासून दहा दिवसांची. काल बाजारात जाऊन बकरीच्या केसांचा दोर घेतला, बारा हात लांब. दुकानदाराने विचारलं, अंकाऱ्यात बांधणार काय याने? मी म्हटलं, काही नाही, द्यायचाय. इस्पितळाच्या गच्चीवर रोज जेवणाच्या सुट्टीत सराव करतेय. पहारेकऱ्याला सांगून ठेवलंय, आता तो धावत येत नाही. शिट्टी अजून फाटकीच आहे, पण माझं नाव तरी कळेल.

सोबतचा दुसरा कागद बाबांसाठी आहे. नऊ वर्षांत त्यांना लिहिलेला पहिलाच. तो त्यांच्या हातात देऊ नकोस, वाचणंही त्या पडलेल्या घराबरोबरच गेलं असणार. तूही वाचून दाखवू नकोस. मुहर्रेमकाकाला दे. त्याला सांग, पलीकडच्या टोकाला उभं राहून एकेक ओळ वाजव, मध्ये थांब, त्यांना उत्तर द्यायला वेळ दे. हात कपाळाला लावते हे शिट्टीत नीट बसत नाही, ते मी आल्यावर करीन.

नुर्तेन


बाबा.

मी नुर्तेन.

ऐकलं.

शनिवारी दुपारच्या बसने येते.

वळणावर थांबा.

दोर आणते.